मुख्य बँड येईपर्यंत कान दमलेले असतात

रॉक कॉन्सर्टचे तिकीट विकले जाते एका बँडच्या नावावर, पण त्या तिकिटात ऐकायला मिळतात तीन-चार बँड. फाटक दुपारीच उघडते. रंगमंचाजवळची जागा हवी असलेले चाहते त्याच्याही आधीपासून रांगेत असतात. आत शिरल्यावर आधी एखादा नवखा बँड, मग थोडा नावाजलेला दुसरा, मधल्या वेळात वाद्यांची हलवाहलव आणि स्पीकरवर सोडलेली गाणी, आणि अंधार पडल्यावर ज्याच्यासाठी सहा महिने पैसे साठवले तो मुख्य बँड. चाहत्याच्या लेखी खरी संध्याकाळ तिथून सुरू होते. आधीचे सगळे म्हणजे पानातली चटणी-कोशिंबीर.

कान मात्र असा भेद करत नाहीत. प्रवासी बसल्याबरोबर रिक्षाचे मीटर पडावे, तसे कानांचे मीटर पहिल्या बँडच्या पहिल्या ठोक्याला पडते. गाणे आवडते असो की नावडते, आकडा पुढे सरकतच राहतो. कार्यक्रम संपल्यावर स्टेशनकडे निघालेल्या गर्दीत कितीतरी जणांच्या कानांत शिट्टीसारखा बारीक आवाज वाजत असतो. त्याचे श्रेय ते शेवटच्या बँडच्या शेवटच्या गाण्याला देतात. खरे तर बिल दुपारपासून चढत असते.

या हिशेबाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लंडनचे आहे. ३१ मे १९७६ रोजी चार्लटन अ‍ॅथलेटिक या फुटबॉल क्लबच्या मैदानावर ‘द हू’ या बँडचा कार्यक्रम झाला. त्यांच्या आधी विडोमेकर, स्ट्रीटवॉकर्स, आउटलॉज, लिटल फीट आणि सेन्सेशनल अ‍ॅलेक्स हार्वे बँड असे पाच बँड वाजवून गेले. ‘द हू’च्या वेळी ७६,००० वॉटची ध्वनियंत्रणा होती आणि रंगमंचापासून ५० मीटरवर १२० डेसिबल आवाज मोजला गेला. जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून ‘गिनेस’च्या पुस्तकात त्याची नोंद झाली. पुढे ‘गिनेस’ने हा विभागच बंद केला, कारण या विक्रमासाठी लागलेल्या चढाओढीत लोकांचे कान जायची भीती होती. त्या बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याने नंतर स्वतःचे ऐकणे कमी झाल्याचे आणि कानांत सतत आवाज येत असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्याने दोष दिला तो मुख्यतः स्टुडिओतल्या हेडफोनला. मैदानातल्या श्रोत्यांच्या कानांचे काय झाले, याची नोंद कोणी ठेवली नाही.

सुरुवातीच्या बँडमधल्या वादकांनाही हा आवाज सोडत नाही. कॅलिफोर्नियातल्या ‘द कॉन्ट्रॅक्शन्स’ या बँडची बासवादक कॅथी पेक हिचा बँड १९८०च्या दशकात ‘ड्युरन ड्युरन’च्या आधी वाजवायला ओकलंडच्या मोठ्या सभागृहात गेला होता. त्या कार्यक्रमानंतर तिच्या कानांतला आवाज दिवसेंदिवस थांबेना आणि ऐकूही कमी येऊ लागले. १९८८ मध्ये तिने एका डॉक्टरबरोबर रॉक वादक आणि श्रोत्यांच्या कानांसाठी ‘हिअर’ नावाची संस्था काढली. तिला सुरुवातीला मोठी देणगी देणाऱ्यांत पीट टाउनशेंड होता.

कानांत नेमके काय होते, ते पाहण्यासाठी आतल्या कानात जावे लागते. तिथे गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी, द्रवाने भरलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. या पेशींच्या टोकांवर अतिशय सूक्ष्म केस असतात. आवाजाच्या लाटेने द्रव हलला की हे केस वाकतात आणि त्यातून विद्युतसंकेत तयार होऊन श्रवणचेतेमार्फत मेंदूकडे जातो. एवढ्या थोड्या पेशींवर कुजबुजीपासून विमानाच्या घरघरीपर्यंत सगळे ऐकणे चालते. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून जास्त असतात, हे लक्षात घेतले म्हणजे १५ हजार हा आकडा किती तुटपुंजा आहे ते कळते.

मोठा आवाज तासन्‌तास आदळत राहिला की या पेशी थकतात. वादळात भाताचे पीक आडवे व्हावे तसे ते केस लोळतात. वारा थांबल्यावर बरीचशी रोपे पुन्हा उभी राहतात, मुळातून हललेली राहत नाहीत. कार्यक्रमानंतर कानांत कापूस कोंबल्यासारखे वाटणे, समोरचा बोललेला नीट न कळणे आणि तो बारीक शिट्टीचा आवाज ही या लोळलेल्या पिकाची लक्षणे. डॉक्टर याला तात्पुरती श्रवणघट म्हणतात. बहुतेकांमध्ये ती एक-दोन दिवसांत भरून येते. ज्या पेशी मरतात त्या मात्र कायमच्या जातात. कोंबडीच्या पिल्लांच्या कानांत अशा पेशी पुन्हा उगवतात, हे १९८०च्या दशकात संशोधकांच्या लक्षात आले. माणसाच्या कानाला निसर्गाने ती सोय दिलेली नाही.

यातली खरी फसवणूक अशी की कान थकले की आवाज कमी वाटू लागतो. पहिल्या बँडचा ड्रम छातीत धडकतो, दचकायला होते. दोन तासांनी त्याहून मोठा आवाज सहज सोसला जातो, आणि चाहता म्हणतो, ‘कान सरावले.’ दारूचे प्रमाण वाढले की आणखी दारू सोसते असे वाटावे, तसलाच हा सराव. मिक्सिंगच्या टेबलाशी बसलेल्या ध्वनितंत्रज्ञाचे कानही त्याच संध्याकाळी थकत असतात. त्यामुळे कार्यक्रम पुढे जाईल तसा आवाज नकळत चढत जाण्याचा धोका असतो. शिवाय मुख्य बँड आला की आवाज आधीच्यांपेक्षा भरदार वाटला पाहिजे, अशी या धंद्याची जुनी रीत आहे. सुरुवातीच्या बँडना ध्वनियंत्रणेची पूर्ण ताकद वापरू दिली जात नाही, ही त्यांची तितकीच जुनी तक्रार.

आता थोडे गणित. डेसिबलचा आकडा साध्या पट्टीने वाढत नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि १० वाढले की दहापट. अमेरिकी सरकारच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने कामाच्या जागेसाठी ८५ डेसिबलला ८ तास ही दिवसाची मर्यादा सुचवली आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे.

समजा, एका संध्याकाळी सुरुवातीचे दोन बँड पाऊण-पाऊण तास, सरासरी ९७ डेसिबलला वाजले. हा दीड तास झाला. अर्ध्या तासाच्या मर्यादेच्या तो तिप्पट, म्हणजे दिवसाचा कोटा ३०० टक्के भरला. मग मुख्य बँड दोन तास, १०० डेसिबलला. त्याचे आठपट, म्हणजे ८०० टक्के. एकूण ११०० टक्के. दिवसाचा कोटा पहिल्या बँडच्या पहिल्या अर्ध्या तासातच संपला होता. ज्याच्यासाठी तिकीट काढले तो बँड रंगमंचावर आला, तेव्हा चाहत्याचे कान तिप्पट उधारीत होते.

आता हाच चाहता १५ डेसिबल आवाज खरोखर अडवणारे इअरप्लग घालून बसला असे धरू. ९७ चे ८२ होतात आणि १०० चे ८५. दोन्ही मिळून कोटा भरतो सुमारे ३४ टक्के. आणि प्लग खिशात ठेवून फक्त मुख्य बँडच्या वेळी घातले तर? आधीचे ३०० आणि नंतरचे २५, म्हणजे ३२५ टक्के. छोट्या बँडसाठी कशाला घालायचे, या विचाराची किंमत एवढी मोठी आहे.

ही मर्यादा वर्षानुवर्षे रोज कामाला जाणाऱ्या कामगारांसाठी आखलेली आहे, हे खरे. वर्षातून एकदा कॉन्सर्टला जाणारा माणूस त्या एका रात्रीत बहिरा होणार नाही. पण तरुण मुले फक्त कॉन्सर्टला जात नाहीत. लोकलमध्ये, जिममध्ये, अभ्यास करताना त्यांच्या कानांत इअरफोन असतात, आणि गणपतीत ढोल-ताशा व डीजे असतो. जागतिक आरोग्य संघटना त्यामुळे आठवड्याचा हिशेब मांडते. तिच्या मते ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित. १०० डेसिबलला हाच कोटा सुमारे २० मिनिटांत संपतो. जगभरातल्या १२ ते ३५ वयोगटातल्या एक अब्जाहून अधिक लोकांचे ऐकणे मनोरंजनाच्या आवाजामुळे धोक्यात आहे, असे ही संघटना सांगते.

इअरप्लग खरेच कामाला येतात का, याची रीतसर परीक्षा नेदरलँड्समधल्या संशोधकांनी घेतली. सप्टेंबर २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका खुल्या संगीत महोत्सवात त्यांनी ५१ स्वयंसेवक नेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले, एकाला इअरप्लग दिले आणि दुसऱ्याला नाहीत. साडेचार तास, सरासरी १०० डेसिबल. आधी आणि नंतर सर्वांचे कान तपासले. प्लग न घातलेल्यांच्या ४२ टक्के कानांत तात्पुरती श्रवणघट आढळली, प्लग घातलेल्यांच्या फक्त ८ टक्के कानांत. कानांत आवाज येऊ लागल्याची तक्रार पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात १२ टक्के. एवढ्या स्वस्त वस्तूचा एवढा स्पष्ट फायदा वैद्यकशास्त्रात फार वेळा दिसत नाही.

‘दोन दिवसांत बरे होते ना, मग काय बिघडले?’ असे विचारणारे पुष्कळ. पूर्वी डॉक्टरही साधारण असेच समजत. २००९ मध्ये हार्वर्डशी संबंधित शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. त्यांचे ऐकणे काही आठवड्यांत चाचणीत पूर्ववत झाले, केशपेशीही शाबूत होत्या. पण केशपेशी आणि श्रवणचेता यांना जोडणारे सांधे तपासले, तेव्हा शंखाच्या काही भागात ते जवळजवळ निम्मे नष्ट झाले होते. दिवा आहे, बटण आहे, मधल्या निम्म्या तारा तुटलेल्या. शांत खोलीतल्या तपासणीत हे कळत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा गजबजलेल्या हॉटेलात समोरच्याचे बोलणे वेचून काढताना ते जाणवावे, असा अंदाज आहे. माणसांत हे नुकसान किती प्रमाणात होते यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. तरीही ‘बरे झाले’ म्हणजे ‘काहीच झाले नाही’, असे आता कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

मग आवाज कमी का करत नाहीत, हा घरातल्या मोठ्यांचा हमखास प्रश्न. त्याचे उत्तर केवळ तरुणांच्या हट्टात शोधून भागणार नाही. आतल्या कानातच शरीराचा तोल सांभाळणारे अवयव असतात. त्यांतली एक छोटी पिशवी सुमारे ९० डेसिबलच्या वरच्या, विशेषतः खालच्या पट्टीतल्या आवाजाला प्रतिसाद देते, असे मँचेस्टर विद्यापीठाच्या नील टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००० मध्ये दाखवले. झोपाळ्यावर जो सुखद हेलकावा जाणवतो, त्याच यंत्रणेला रॉकचा बास हलवतो, अशी त्यांची मांडणी आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०२२ मध्ये आणखी गमतीशीर प्रयोग झाला. एका चालू कॉन्सर्टमध्ये, कानांना कळणारही नाही इतक्या खालच्या पट्टीचा आवाज सोडणारे स्पीकर मधूनमधून चालू-बंद केले. चालू असताना श्रोते सुमारे १२ टक्के जास्त नाचले, आणि काय बदलले ते कोणालाच कळले नाही. मोबाइलवर तेच गाणे ऐकताना हे होत नाही. हजारो अनोळखी माणसांबरोबर एकाच ठोक्यावर उडी मारण्याचे सुख खरे आहे आणि त्यात शरीराचाही वाटा आहे. ते सुख छातीतून, पायांतून, पोटातून मिळते. इअरप्लग यातले काहीच अडवत नाहीत.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक बाजू आहे. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचा. देशभरचे हौशी बँड तिथे एकापाठोपाठ एक वाजवायचे. शेजारी रुग्णालये आणि कॉलेज. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि खुल्या रंगभवनातले संगीत थांबले. चाहते हळहळले, रुग्णांची सोय झाली. हे योग्यच होते. पण हेच नियम बारकाईने वाचले तर एक गोष्ट खटकते. सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज किती असावा, हे नियम सांगतात: परिसराच्या ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी असेल ते. रात्री दहाला बंद करा, हेही सांगतात. हद्दीच्या आत, स्पीकरपासून दहा मीटरवर उभ्या असलेल्या श्रोत्याच्या कानांत किती आवाज जावा, याबद्दल त्यांत काही नाही. कायदा शेजाऱ्यांना जपतो, तिकीट काढणाऱ्याला नाही.

इतर काही देशांनी ही पोकळी भरली आहे. स्वित्झर्लंडमध्ये आवाज ९३ डेसिबलच्या वर जाणार असेल, तर आयोजकांना श्रोत्यांना तशी सूचना देऊन इअरप्लग फुकट द्यावे लागतात, आणि तासाची सरासरी १०० डेसिबलच्या वर नेता येत नाही. ९६ च्या वरचा कार्यक्रम तीन तासांहून जास्त चालणार असेल तर कानांना विसावा मिळेल अशी शांत जागाही ठेवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी मानक जाहीर केले. त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपर्यंत, आवाजाची सतत मोजणी, प्लगची उपलब्धता आणि शांत जागा या गोष्टी आहेत. आपल्याकडे मोठ्या कॉन्सर्टची संख्या झपाट्याने वाढते आहे. महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून ‘लोलापलूझा’ भरतो, तिथे तर दिवसभर बँडमागून बँड. जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ नवी मुंबईत तीन दिवस वाजवून गेला. त्याचा गायक ख्रिस मार्टिन याला तरुणपणापासून कर्णनादाचा त्रास आहे आणि मोठ्या आवाजाबद्दल तो चाहत्यांना जाहीरपणे सावध करत आला आहे. रंगमंचावरचे वादक आता बहुधा कानांत घट्ट बसणारे मॉनिटर घालूनच उभे असतात. उघडे कान राहतात ते समोरच्यांचे.

तोवर चाहत्याने स्वतःची सोय करावी हे बरे. कापसाचे बोळे निरुपयोगी आहेत, त्यांतून आवाज जवळजवळ तसाच आत जातो. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे प्लग स्वस्त आणि पुरेसे असतात, फक्त नीट बसवायला हवेत. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. पाकिटावर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो, सैल बसलेला प्लग त्याच्या निम्माही आवाज अडवत नाही. फोम वरच्या पट्ट्या जास्त खातो, त्यामुळे गाणे गोधडीखालून ऐकल्यासारखे वाटते. ज्यांना ते सोसत नाही त्यांच्यासाठी सर्व पट्ट्या सारख्या कमी करणारे, संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग मिळतात. लहान मुलांना न्यायचेच असेल तर कानांवर बसणारे मफ हवेत, प्लग त्यांच्या कानांत टिकत नाहीत.

जागाही महत्त्वाची. स्पीकरच्या भिंतीसमोर चिकटून उभे राहण्यापेक्षा मिक्सिंगच्या टेबलाजवळ उभे राहावे. तिथे आवाज कमी आणि बहुधा सर्वांत चांगला ऐकू येतो, कारण तंत्रज्ञ त्याच जागेवरून तो जुळवत असतो. दोन बँडमधल्या वेळेत जागा जाईल म्हणून तिथेच न थांबता मैदानाच्या टोकाला, खाण्याच्या स्टॉलकडे वीस मिनिटे जाऊन यावे. जे चाहते चौघांच्या गटाने जातात त्यांना हे सोपे पडते, दोघे जागा धरतात आणि दोघे कान सोडवून येतात.

कार्यक्रमानंतर एक-दोन दिवस इअरफोन बाजूला ठेवावेत. कानांतला आवाज किंवा दडा दोन दिवसांनंतरही राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे आणि श्रवणचाचणी करून घ्यावी. आवाजाने झालेले नुकसान त्या आलेखात बहुतेक वेळा ४,००० हर्ट्‌झच्या आसपास खड्ड्यासारखे दिसते. ‘स’, ‘श’, ‘ठ’ अशी व्यंजने ओळखायला कान ज्या वरच्या पट्ट्या वापरतात, त्यांतलाच हा भाग. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण फोनवर समोरचा ‘सात’ म्हणाला की ‘साठ’ हे कळत नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र सोमवारची वाट पाहू नये. त्यावर दिली जाणारी स्टेरॉइडची औषधे पहिल्या काही दिवसांतच जास्त उपयोगी पडतात, आणि उशीर होईल तसा त्यांचा गुण कमी होत जातो.